कापडी पार्टिशन खळबळता येत नाही

अ‍ॅडमिन आणि हाउसकीपिंगवाल्यांच्या चार वेगवेगळ्या व्हॉट्सअ‍ॅप गटांवर मला एकच संदेश आला. थोडक्यात असा: ऑफिसमधली कापडी पार्टिशनं आणि भिंतीवरचे कापडी पॅनल साफ करायला एजन्सी बोलावणं म्हणजे पैसे पाण्यात. बादलीभर गरम पाण्यात वाटीभर बेकिंग सोडा, वाटीभर व्हिनेगर आणि मूठभर कपड्यांची पावडर घाला, ब्रशने खसाखसा घासा, रात्रभर पंखे लावा. हट्टी डागावर नुसतं व्हिनेगर ओता, तरी नाही गेला तर पातळ ब्लीच मारा. एजन्सीवालेही हेच करतात. कापड अगदीच खराब झालं असेल तर वरून रंग द्या.

मी पार्टिशन-पॅनल सफाईचंच काम करते, माझं पोट त्यावर आहे, हे आधीच सांगते. पण गेल्या पावसाळ्यात हिंजवडीच्या एका ऑफिसात या कृतीनंतरचा सोमवार मी पाहिला आहे. एका ओळीत पार्टिशनच्या कापडावर चहाच्या रंगाच्या लाटा उमटल्या होत्या, मधेमधे कापड फुगून सुटलं होतं आणि खालच्या कडेचा एमडीएफ, म्हणजे लाकडाचे तंतू दाबून केलेला बोर्ड, बोटभर फुगला होता. शनिवारी रात्री हाउसकीपिंगच्या मुलांनी मन लावून घासलं होतं. त्यांना सांगितलं होतं तेच त्यांनी केलं होतं.

पहिली चूक ‘धुवा’ या शब्दातच आहे. घरी चादर धुताना आपण ती घासतो, मग दोन-तीन पाण्यांतून खळबळतो, पिळतो, वाळत घालतो. मळ जातो तो खळबळण्यात. पार्टिशन खळबळता येत नाही, पिळता तर नाहीच. बहुतेक ठिकाणी ते पॉलिएस्टरचं कापड असतं आणि त्याच्यामागे सॉफ्टबोर्ड, पार्टिकल बोर्ड, एमडीएफ किंवा ग्लासवूल (काचेच्या तंतूंची लोकर), मधे गोंद. कापडावर ओतलेलं पाणी आत जातं आणि सुटलेला मळ सोबत नेतो. वाळताना तेच पाणी पुन्हा बाहेर येतं, आणि येताना बोर्डातला तपकिरी अंश नि गोंदाचा मळ घेऊन येतं. त्या लाटा म्हणजे पाणी जिथे जिथे वाळलं तिथली कड. पावडरचा साबणही तिथेच राहतो. चिकट साबणावर धूळ बसते, म्हणून असं घासलेलं कापड काही दिवसांत आधीपेक्षा काळं दिसतं.

सोडा आणि व्हिनेगर एकत्र केले की फसफसतं. त्या फेसाला लोक ताकद समजतात. पण ही आम्ल आणि अल्कलीची भेट आहे, दोघं एकमेकांना संपवतात. हिशोब करून बघा. बाजारातल्या पांढऱ्या व्हिनेगरमध्ये साधारण 4 ते 5 टक्के अ‍ॅसिटिक आम्ल असतं. 150 मिलीच्या वाटीत ते 6 ते साडेसात ग्रॅम झालं. तेवढं संपवायला साधारण साडेआठ ते साडेदहा ग्रॅम सोडा पुरतो, म्हणजे जेमतेम दोन चमचे. बाकीची वाटी सोडा म्हणूनच उरते आणि वाळल्यावर गडद निळ्या कापडावर पांढरी भुकटी होऊन बसते.

डागांबद्दल मला जरा सविस्तर सांगायचं आहे, कारण आपल्याकडच्या ऑफिसांत सगळ्यात मोठा डाग तेलाचा असतो. खुर्चीत मागे रेललं की डोकं जिथे टेकतं, तिथे कापडावर काळपट गोल दिसतो. केसांचं खोबरेल. पॉलिएस्टर तेलाला धरून ठेवतं, पाण्याला नाही. त्यात खोबरेल साधारण 24 अंशांना गोठतं, आणि एसी ऑफिसात तापमान त्याच्याच आसपास असतं. म्हणजे धाग्यांत मेणासारखा थर. गार पाण्याने तो हलत नाही. गरम पाण्याने वितळतो, पण तेवढ्या उष्ण पाण्यात मागचा गोंदही सैल होतो. इथे आयसोप्रोपिल अल्कोहोलसारखं द्रावक लागतं, तेही पांढऱ्या फडक्यावर घेऊन, कडेकडून मधे टिपत, घासून नाही. दुधाच्या चहाचा डाग याच्या उलट. त्यात दुधाची प्रथिनं असतात आणि गरम पाण्याने ती धाग्यात पक्की बसतात. गार पाण्याच्या ओलसर फडक्याने आधी टिपायचं. एकाच बादलीत दोन्ही डाग कसे जातील?

ब्लीचचा सल्ला मात्र मला भीतीदायक वाटतो. व्हिनेगर ओतून ओल्या ठेवलेल्या डागावर ब्लीच टाकलं की क्लोरीन वायू सुटतो. रात्री एसी बंद, खिडक्या न उघडणाऱ्या, आणि पार्टिशनला नाक लावून घासणारा मुलगा. डोळे चुरचुरले, खोकला आला तर ‘वास उग्र आहे’ म्हणून तो काम उरकायला जातो. कापडाचा रंगही उडतो, पण ते नंतरचं. तुमच्या ऑफिसात कुणी हे करणार असेल तर आत्ताच फोन करून थांबवा.

रात्रभर पंखे लावा, म्हणे. मुंबईत जुलैत हवेची आर्द्रता 80 टक्क्यांच्या वर असते. कापड वरून कोरडं लागतं, आतला सॉफ्टबोर्ड ओलाच असतो, आणि एक-दोन दिवस तसाच राहिला की बुरशीला तेवढं पुरतं. शिवाय वर्कस्टेशनच्या पार्टिशनमधून वीज आणि लॅनच्या (कॉम्प्युटर नेटवर्कच्या) वायरी जातात, खाली सॉकेट असतात. बादलीचा ओघळ थेट तिथेच उतरतो.

आणखी एक गोष्ट या संदेशात कुठेच नाही. काही कापडांवर आग लवकर पकडू नये म्हणून क्षारांचं लेपन केलेलं असतं. त्यातलं बरंचसं पाण्यात विरघळतं. खूप पाण्याने धुतलं तर डागाबरोबर तेही जातं आणि बाहेरून काही कळत नाही. ज्या कापडाच्या धाग्यातच हा गुण असतो त्याला हा धोका नसतो. म्हणून पॅनल कुठल्या कंपनीचं, कापड कुठलं, ही कागदपत्रं आधी काढायला मी सांगते.

रंगाबद्दल एवढंच की भिंतीवरचे पॅनल आवाज शोषतात ते कापडाच्या छिद्रांतून. रंगाने छिद्रं बुजली की उरते फक्त भिंत, आणि मीटिंग रूम घुमू लागते.

आता ‘एजन्सीवालेही हेच करतात’. काही जण खरंच करतात, ते मी नाकारत नाही. नीट काम करायचं तर निम्म्याहून जास्त वेळ कोरड्या कामात जातो. वरून खाली, मऊ ब्रशच्या तोंडाने, हेपा फिल्टरच्या (अगदी बारीक धूळही अडवणाऱ्या) व्हॅक्यूमने प्रत्येक पॅनलवरची धूळ ओढून घ्यायची, कारण पॅनल ओला केला की धुळीचा चिखल होतो. मग चाचणी म्हणून टेबलामागच्या कोपऱ्यात सफाईचं औषध लावून पांढरं फडकं दाबायचं. फडक्यावर रंग उतरला तर तिथेच थांबायचं. सॉकेटची वीज बंद. कमी फेसाचं औषध फवाऱ्याने हलकं, आणि आता खालून वर, म्हणजे मळक्या कापडावर ओघळ उतरत नाही. पॅनल कडेपासून कडेपर्यंत एका दमात, नुसता डागापुरता नाही. नाहीतर स्वच्छ गोलच डागासारखा दिसतो. फडकी सतत बदलायची. तळहात टेकवला तर ओलसर लागावं, पाणी लागू नये. शेवटी एसी चालू ठेवून ब्लोअर.

यातलं व्हॅक्यूमचं काम तुमच्याच लोकांना शिकवा आणि दर आठवड्याला करून घ्या, त्यासाठी आम्हाला बोलावू नका. चहा सांडला तर लगेच टिपायलाही शिकवा. आमच्यासारख्यांना बोलवाल तेव्हा दर विचारण्याआधी विचारा की कापडामागे काय आहे ते तुम्ही कसं ओळखणार, आणि चाचणी कुठल्या कोपऱ्यात घेणार. उत्तर न देता जो थेट मशीन लावायला निघेल, त्याला दारातूनच परत पाठवा.