भुयाराची भीती कुठे गेली?

रात्रीचा दीड वाजलाय, सिनेमा संपून तास झाला तरी डोकं तापलेलंच आहे. पॅरिसच्या कॅटाकोम्ब्समधला, म्हणजे जमिनीखालच्या हाडांनी भरलेल्या भुयारांतला, हॉरर म्हणून आठवडाभर वाट पाहिली होती. घरातले दिवे घालवले, हेडफोन लावले. आणि दाखवलं काय, तर गदागदा हलणारा कॅमेरा, किंचाळणारी पाच पोरं आणि शेवटी एक राक्षस.

मी त्या भुयारात जाऊन आले आहे. आईबरोबर. उतरायला १३१ पायऱ्यांचा अरुंद गोल जिना, आई भिंतीला हात लावून एकेक पायरी मोजत होती. खाली वीसेक मीटर खोलीवर बारा महिने १४ अंशांचा गारवा. बराच वेळ नुसता दगडी बोळ, मधूनच मानेवर टपकणारा थेंब. मग दारावर कोरलेलं, 'थांबा! इथे मृत्यूचं साम्राज्य आहे.' आत सरपण रचावं तशी मांड्यांची हाडं रचलेली, मधून कवट्यांच्या ओळी. आई एका कवटीसमोर थांबली ती हलेचना. मग हळूच म्हणाली, "अगं, यातलं कोण कुणाचं, हे आता कुणाला तरी सांगता येईल का गं?"

माझ्या पोटात जे कालवलं, ते आजच्या दीड तासात एकदाही झालं नाही.

या सिनेमात हाडं म्हणजे निव्वळ सजावट. नायिका कवट्या तुडवत पळते, एक जण चेष्टेत कवटी फेकतो आणि पार्श्वसंगीत ढणढणत राहतं. अरे, साठ लाखांहून जास्त माणसं आहेत ती! १७८० मध्ये शहरातल्या जुन्या दफनभूमीच्या भाराने शेजारच्या तळघराची भिंत कोसळली आणि प्रेतं आत आली. मग १७८६ पासून रात्री काळ्या कापडाने झाकलेल्या गाड्यांतून, पाद्र्यांच्या मंत्रांसह, ही हाडं जुन्या चुनखडीच्या खाणींत नेली. त्या रात्रींवर एक प्रसंग लिहावा असं कुणालाच वाटलं नाही?

बरं, भीतीच हवी होती तर फिलिबेर आस्पेर होता की! व्हाल-द-ग्रास इस्पितळाचा द्वारपाल. १७९३ मध्ये एकटा खाली उतरला आणि परत आलाच नाही. ११ वर्षांनी सांगाडा सापडला, ओळख पटली ती किल्ल्यांच्या जुडग्यावरून. सापडला तिथेच पुरला त्याला. दिवा विझल्यावर तो भिंत चाचपत किती वेळ चालला असेल? हाका मारल्या असतील? मला हे लिहितानाही श्वास कोंडल्यासारखं होतंय. इथे राक्षसाला कामच काय आहे?

पहिली वीस मिनिटं चांगली आहेत, मान्य. छत खाली येत जातं आणि रांगावं लागतं तो भाग खरंच जमलाय. तिथे चित्रीकरण अवघड असणार, हेही कबूल. पण शांतता दाखवायला काय लागतं? आई त्या कवटीसमोर उभी होती तेव्हा आमच्या मागेपुढे कुणी नव्हतं, आणि मला माझ्याच कानातली धडधड ऐकू येत होती. दिग्दर्शकाने एक मिनिट, फक्त एक मिनिट, आवाज बंद ठेवला असता तरी मी त्याला सगळं माफ केलं असतं.

लिहिता लिहिता राग थोडा उतरलाय. आता आईच डोळ्यांसमोर येतेय. वर आल्यावर आमच्या बुटांना चुन्यासारखा पांढरा चिखल लागला होता. मी फरशीवर पाय आपटून झटकायला लागले तर तिने दंड धरला. "इथे नको," म्हणाली. रस्त्याकडेला एक झाड होतं, तिथवर मला घेऊन गेली, खाली वाकून रुमालाने आधी माझे बूट पुसले, मग स्वतःचे, आणि तो चिखल झाडाच्या बुंध्याशी झटकला.