बसायला कारण

गेल्या महिन्यात आमच्या घरच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर एक वाद रंगला. भाच्याने लिहिलं होतं, 'तू कुठे बसतोस ते सांग, तू कोण ते मी सांगतो.' मग पुण्यातले अड्डे आणि त्यांची माणसं अशी वाटणीच सुरू झाली. गुडलकवाला निवांत, बन मस्का चहात बुडवत एकाच विषयावर तासभर बोलणारा. वैशालीवाल्याला चारचौघांत दिसायला आवडतं. अमृततुल्यवाला उभ्या उभ्या जगाचे निकाल लावतो. नव्या कॅफेंत लॅपटॉप उघडून बसणाऱ्यांना अड्डा म्हणजे काय ते कळतच नाही, असं दादाने ठणकावलं आणि भाचा चिडला. दोन दिवस हे चाललं. आईचा त्यात एकच मेसेज होता: 'मी कुठे बसत होते रे?'

त्यावर कोणीच काही लिहिलं नाही. मीसुद्धा नाही. तेव्हापासून तो प्रश्न माझ्या डोक्यातून जात नाही.

मी एकवीस वर्षं व्हिएन्नात राहते. माणूस आणि त्याची बसायची जागा यांचं नातं इथे पुण्याइतकंच गंभीरपणे घेतात. पेटर आल्टेनबेर्ग नावाचा लेखक 1876 साली सुरू झालेल्या कॅफे सेंट्रालमध्ये इतका बसायचा की स्वतःचा पत्ता म्हणून त्याच कॅफेचं नाव देई. आता तिथे दारात त्याचा पुतळा आहे आणि बाहेर पर्यटकांची रांग. इथली कॉफीहाउस संस्कृती ऑस्ट्रियाच्या अमूर्त वारशाच्या यादीत 2011 साली गेली. कॉफीबरोबर पाण्याचा ग्लास येतो, लाकडी दांडीला अडकवलेली वर्तमानपत्रं असतात आणि एका कपावर तुम्ही दुपार काढलीत तरी कोणी बिल पुढे सरकवत नाही.

पहिल्यांदा आत शिरले तेव्हा गलबलून आलं होतं. संगमरवरी टेबलं, वाफेवर वाकवलेल्या लाकडाच्या खुर्च्या. अरे, हा तर आपला इराणी! ही खुर्ची मूळ इथलीच. मिखाएल टोनेटने ती 1859 साली काढली; सहा लाकडी भाग आणि थोडे स्क्रू, त्यामुळे सुटी करून जहाजातून जगभर पाठवता येई. त्याच घाटाच्या खुर्च्या युरोपातून आपल्या इराण्यांकडे आल्या. आणखी एक गोष्ट मला परदेशात राहूनच दिसली. पुण्याचा अस्सलपणा आपण ज्या जागांवरून ठरवतो, त्या बाहेरून आलेल्यांनी उभ्या केल्या आहेत. इराण्यांची हॉटेलं, राजस्थानातून आलेल्यांची अमृततुल्य, शेट्टींची वैशाली. व्हिएन्नात पहिलं कॉफीहाउस काढण्याची परवानगी 1685 साली मिळाली तीही एका आर्मेनियन माणसाला.

पण खुर्ची तीच असली तरी तिच्यावर बसणारी मी तीच नव्हते. कॉलेजच्या सगळ्या वर्षांत मी इराण्याकडे कधी एकटी बसले नव्हते. मैत्रिणी, भाऊ, पुढे नवरा, कोणीतरी बरोबर असायचंच. अनेक इराण्यांकडे बायकांसाठी आत 'फॅमिली रूम' असायची, म्हणजे बाईने यायचं ते कुटुंबासकट, असंच गृहीत धरलेलं. आणि दादा रोज संध्याकाळी 'जरा जाऊन येतो' एवढंच म्हणून कट्ट्यावर जायचा. कुठे, कशाला, हे त्याला कोणी विचारलं नाही. तिथे तो वाद घालायला शिकला, हरायला शिकला, वडील गेले तेव्हा तिथेच रडला. त्याचा कट्टा त्याला घडवत गेला, हे मी मनापासून मान्य करते. भाच्याचं वाक्य दादाच्या बाबतीत शंभर टक्के खरं आहे.

आईच्या बाबतीत ते लागूच होत नाही, कारण बाईला बसायला कारण लागायचं. भाजी, देवदर्शन, हळदीकुंकू, भिशी. आई प्रवचनाला जायची. प्रवचन साडेसहाला संपायचं आणि ती साडेसातला घरी यायची. मधला तास देवळाबाहेर चपला काढायच्या जागेपाशी जायचा, चार बायका, हातात पिशव्या, एक पाय चपलेत. निघता निघता, उभ्यानेच. तोच तिचा कट्टा होता. त्याला कट्टा म्हणावं असं आमच्यापैकी कोणाच्याही मनात आलं नाही.

आता फर्ग्युसन रस्त्यावर रात्री दहालाही मुली बसलेल्या दिसतात, याचा मला आनंद आहे. पण चौकातला पार, नदीकाठचा कठडा, टपरीसमोरचा बाक या फुकटच्या जागा संध्याकाळी कोणाच्या ताब्यात असतात ते पाहा. मुलीला बसायचं तर महागड्या कॉफीचे पैसे मोजावे लागतात. आणि दादा ज्याच्यावर चिडतो तो लॅपटॉप? एकटीने बसलेल्या मुलीला तो ढालीसारखा उपयोगी पडतो. 'काम करते आहे' म्हटलं की कोणी विचारत नाही. आईच्या हातातली भाजीची पिशवी हेच काम करायची.

व्हिएन्ना जन्मतः शहाणं नव्हतं. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत इथल्या कॉफीहाउसमध्ये बाई दिसायची ती फक्त गल्ल्यावर. आणि अगदी अलीकडे, 1990च्या दशकात, शहराने बागांचा अभ्यास केला तेव्हा दिसलं की साधारण नऊ वर्षांनंतर मुली बागेत यायच्या बंद होतात, मुलगे मात्र येत राहतात. मोठ्या पिंजऱ्यासारख्या मैदानाचा ताबा मुलग्यांकडे गेला की मुली भांडत बसत नाहीत, निघून जातात. मग माझ्याच भागातल्या, मार्गारेटनमधल्या दोन बागा बदलल्या. पायवाटा वाढवल्या, मैदानाचे तुकडे केले, बसायच्या जागा केल्या. त्यातल्या एका बागेवरून मी रोज जाते. मुली बसलेल्या असतात, काहीही न करता. पुण्यात एवढे उड्डाणपूल झाले, एवढी चर्चा झाली, पण कट्ट्यावर मुली का नसतात हे मोजायला कोणी गेल्याचं मी ऐकलेलं नाही.

इथे सगळं गोड आहे असंही नाही. कॉफीचा कप पाच युरोंच्या वर गेला आहे. एकवीस वर्षांत वेटर मला ओळखायला लागला, शेजारच्या टेबलाशी मात्र एक शब्द बोलणं झालेलं नाही. गुडलकमध्ये अनोळखी माणूस सरळ समोर येऊन बसतो आणि चहा संपेपर्यंत त्याच्या मुलीचं लग्न कुठे जुळलं ते आपल्याला कळतं. ती ऊब मला इथे फार आठवते.

आई दोन वर्षांपूर्वी आली होती. एका दुपारी तिला माझ्या नेहमीच्या कॅफेत नेलं. घरी ती कायम स्वयंपाकघराच्या दाराजवळ बसते, उठायला सोपं म्हणून. इथे मी तिच्यासाठी कडेची खुर्ची ओढली, तर ती तिला ओलांडून थेट आत गेली, खिडकीच्या कोपऱ्यात, जिथून उठायचं तर मलाही उठावं लागलं असतं.

"किती वेळ बसायचं असतं गं?" तिने विचारलं.

"हवं तेवढं."

तिने पर्समधून शब्दकोड्याचं कात्रण काढलं, पेन्सिल काढली. मला माहीतच नव्हतं ती शब्दकोडी सोडवते. ट्राम जात होत्या, कॉफी थंड झाली. अर्ध्या तासाने मी काहीतरी बोलायला लागले तर मान वर न करता म्हणाली, "थांब जरा, आडवा सातवा राहिलाय."