ती हरवली, एवढंच माहितीये का तुम्हाला?

डोकं फिरलंय माझं खरंच. अमेलिया इअरहार्ट, १९३७ मध्ये विमानासकट बेपत्ता झालेली अमेरिकन वैमानिक, तिच्या घरी जाऊन लोकांना विचारायचं काय असतं, तर शेवटी तिचं काय झालं, विमान सापडलं का. अरे तुम्ही तिच्या आजोळी उभे आहात! कॅन्ससमधलं ॲचिसन, लहानसं गाव, नदीकाठच्या उंचवट्यावर १८६१ सालचं लाकडी घर, २४ जुलै १८९७ ला ती जन्मली ते हेच, लहानपणातली कितीतरी वर्षं आजी-आजोबांकडे इथेच राहिली, तिच्या खोलीतून मिसूरी नदी दिसते. आणि त्या खोलीत तुम्ही मोबाईलवर व्हिडिओ लावता, तोही फुल आवाजात, "जपान्यांनी तिला पकडलं" वाला??

आम्ही कॅन्सस सिटीजवळ राहतो, तिथून गाडीने तासाभराचा रस्ता, म्हणून भारतातून कोणी आलं की मी हौसेने नेते. दर वेळी हेच. आणि आपलेच नाही हां, इथले लोकही तसेच. एकाने तर मला तो बंदराच्या धक्क्यावरचा धूसर फोटो दाखवला, "ही बघा ती, कैदेत". अहो तो फोटो १९३५ सालच्या जपानी पुस्तकात छापलेला निघाला, ती गायब झाली १९३७ मध्ये! २०१७ लाच हे उघड झालंय, तरी अजून फिरतोय फॉरवर्ड होत.

१९३२ मध्ये एकटीने अटलांटिक ओलांडला तिने, जवळजवळ पंधरा तास, पंखांवर बर्फ, उंची दाखवणारं यंत्र बंद पडलेलं, एक्झॉस्टच्या फुटलेल्या सांध्यातून ज्वाळा दिसतायत आणि वरून पेट्रोल गळतंय. हे कोणी विचारतं? १९२८ ला पहिल्यांदा अटलांटिकपार गेली ती नुसती प्रवासी म्हणून, सगळं जग कौतुक करत होतं आणि ही स्वतःच सांगत होती की मी बटाट्याच्या पोत्यासारखी सामान होते. म्हणून तर चार वर्षांनी स्वतः उडवत गेली ना! बोस्टनमध्ये समाजसेविका होती, बाहेरून आलेल्या लोकांना इंग्रजी शिकवायची, हे ऐकून मला तरी भरून येतं, आपणही बाहेरूनच आलोय. आणि नाइंटी-नाइन्स, १९२९ ला बायका वैमानिकांनी उभी केलेली संघटना, अमेलिया तिची पहिली अध्यक्ष, आज हे घर त्याच संघटनेच्या मालकीचं आहे. म्हणजे विमान उडवणाऱ्या बायकांनी हे घर जपलंय! लोक त्या माहितीपुढे दोन सेकंदही थांबत नाहीत.

बरं, शेवटच्या, जगाला फेरी मारायच्या प्रवासाचंच वेड असेल तर तो तरी नीट बघा. गायब व्हायच्या जेमतेम दोन आठवडे आधी ती कराचीहून कलकत्त्याला उतरली होती, आपल्याकडे! तांबड्या समुद्राकडून थेट कराची, न थांबता, तोवर कोणी केलं नव्हतं ते. मी हे सांगितलं तर आमचे एक नातेवाईक म्हणाले "हो का" आणि लगेच "पण कुठल्याशा बेटावर तिला खेकड्यांनी खाल्लं म्हणतात ना?"

सगळ्यात संताप आला तो याचा, की त्यांची मुलगी, दहा-अकरा वर्षांची, तिने एकटीने खरा प्रश्न विचारला होता, की विमान शिकायला पैसे कुठून आणले तिने. आणि बाप मध्येच, "ते सोड गं, इकडे ये, फोटो काढू". कशाला सोड? फोन कंपनीत नोकरी केली तिने, ट्रक चालवला, मिळेल ते काम करून शिकवणीचे पैसे जमवले, तिची शिक्षिकाही बाईच, नेटा स्नूक. दहा वर्षांच्या पोरीला याहून कामाचं दुसरं काय सांगणार आहात तुम्ही? मी परतताना गाडीत सांगितलं तिला सगळं, मागच्या सीटवरून प्रश्नावर प्रश्न येत होते, आणि पुढे बसलेल्यांचं आपलं चाललेलंच, ते बेट कुठलं नि तिथे सापडलेली हाडं कोणाची.

पुढच्या वेळी मी फक्त त्या पोरीला नेणार. बाकीच्यांनी खुशाल घरी बसून व्हिडिओ बघावेत.