कानबान कार्डं छापण्याआधी डाय बदलायचा वेळ मोजा

'टोयोटासारखा साठा शून्यावर आणा, अडकलेला पैसा मोकळा होईल,' हे एका लेखातलं वाक्य वडोदऱ्याच्या मकरपुरा जीआयडीसीतल्या (औद्योगिक वसाहतीतल्या) एखाद्या प्रेस शॉपनं, म्हणजे पत्रा दाबून भाग बनवणाऱ्या कारखान्यानं, शब्दशः घेतलं तर पंचाईत होईल. टोयोटात साठा घटला, कारण प्रेसची डाय (भागाला आकार देणारा साचा) बदलायला लागणारे तास मिनिटांवर आले होते. साधा हिशेब बघा. रोजचा खप ४०० नग, माल भरून यायला २ दिवस, राखीव १० टक्के, म्हणजे ८८० नग. एका बिनमध्ये (खोक्यात) ४० नग धरले तर २२ कानबान कार्डं. हे कार्ड म्हणजे 'एवढा माल परत भरा' अशी चिठ्ठी; एका बिनला एक, त्यामुळे जितकी कार्डं तितकाच साठा. पण डाय बदलायला ३ तास जात असतील तर सुपरवायझर एकदा लावलेली डाय लवकर उतरवतच नाही (त्याचंही चूक नाही), मग बाकीच्या भागांचा माल भरून यायला ६ दिवस लागतात आणि कार्डं होतात ६६. तिथे २२ कार्डं टांगली की तिसऱ्या दिवशी असेंब्ली ठप्प!

म्हणून आधी प्रेस चालू असतानाच पुढची डाय, बोल्ट, स्पॅनर ट्रॉलीवर शेजारी आणून ठेवा. पॅकिंग प्लेट लावून सगळ्या डायची उंची सारखी करा, म्हणजे दर वेळी रॅम (प्रेसचा वर-खाली होणारा भाग) सेट करत बसावं लागत नाही. मग एकेक कार्ड काढा; लाइन अडली तर परत लावा आणि का अडली ते शोधा. आणि हो, साठा पुरवठादाराच्या गोदामात ढकलणं म्हणजे साठा कमी करणं नव्हे. त्यात त्याचं बिल सूक्ष्म-लघु पुरवठादारांसाठी असलेल्या ४५ दिवसांच्या कायदेशीर कमाल मुदतीपलीकडे लटकलं, तर कच्चा माल तो कुठून भरणार?