‘मायग्रंट मदर’ बनावट नाही, चूक दुसरीकडे आहे

१९३६च्या मार्च महिन्यात कॅलिफोर्नियातील निपोमो येथे, वाटाणा तोडणाऱ्या मजुरांच्या तळावर, अमेरिकी छायाचित्रकर्ती डोरोथिया लँग यांनी एका आईचे छायाचित्र टिपले. ‘मायग्रंट मदर’ (स्थलांतरित आई) या नावाने ते जगभर ओळखले जाते. त्याच्यासोबत एक दावाही वारंवार फिरत असतो: हे चित्र मांडून घेतलेले आहे, निगेटिव्हमध्ये फेरफार झाला आहे, त्याची माहिती खोटी आहे, ते सरकारी प्रचारासाठी काढले गेले आणि छायाचित्रकर्तीने त्यावर पैसा केला, म्हणून १९३०च्या दशकातल्या अमेरिकेच्या महामंदीतल्या ग्रामीण दारिद्र्याची ही सगळीच चित्रे बनावट समजावीत. या दाव्यात खऱ्या गोष्टींचे तुकडे आहेत, आणि म्हणूनच तो एकदम झटकून न टाकता मुद्द्यामुद्द्याने तपासायला हवा.

पहिला आक्षेप चित्र मांडून घेतल्याचा. लँग यांचा ग्राफ्लेक्स कॅमेरा मोठ्या निगेटिव्हचा आणि अवजड होता. तो घेऊन कोणाच्या नकळत इतक्या जवळून चित्र काढणे शक्यच नव्हते. त्या भेटीतली इतर चित्रेही उपलब्ध आहेत. ती एकत्र पाहिली, तर तंबूपासून दूर उभे राहून घेतलेल्या चित्रांत दिसणारी थोरली मुलगी या प्रसिद्ध चित्राच्या चौकटीत नाही आणि आईच्या खांद्यांशी टेकलेल्या दोन मुलांनी तोंडे फिरवली आहेत. ही रचना आहे, आणि मुलांना तसे उभे राहायला सांगितले गेले असण्याची शक्यता मी नाकारत नाही. परंतु चौकट रचणे आणि प्रसंग घडवणे या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. गोठवणाऱ्या पावसाने वाटाण्याचे पीक गेले होते, काम थांबले होते आणि तळावरचे मजूर उपाशी होते. ‘सॅन फ्रान्सिस्को न्यूज’ने १० मार्च रोजी ही बातमी लँग यांच्या छायाचित्रांसह छापली आणि सरकारने सुमारे २०,००० पौंड अन्न तिथे पाठवले, जरी तोपर्यंत हे कुटुंब तळ सोडून पुढे गेले होते.

निगेटिव्हमधील फेरफार खरा आहे, पण त्याचा आवाका पाहावा: चित्राच्या खालच्या कोपऱ्यात तंबूचा खांब धरलेल्या हाताचा अंगठा दिसत होता, तो १९३९मध्ये पुसट करण्यात आला. लँग ज्या सरकारी छायाचित्र विभागासाठी काम करत, त्याचे प्रमुख रॉय स्ट्रायकर यांना तेही पसंत पडले नव्हते. अंगठ्याने दारिद्र्य वाढत नाही की घटत नाही.

यापेक्षा वजनदार उदाहरण त्याच विभागाचे छायाचित्रकार आर्थर रॉथस्टाइन यांचे आहे. १९३६मध्ये दक्षिण डकोटात त्यांनी गुराची एक कवटी काही फूट हलवून वेगवेगळ्या ठिकाणी टिपली, आणि निवडणुकीच्या त्या वर्षी राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट दुष्काळी भागाच्या दौऱ्यावर असताना विरोधी वृत्तपत्रांनी त्यावरून मोठे काहूर उठवले. माझ्या मते रॉथस्टाइन यांची ती चूकच होती, कारण पुरावा म्हणून दिल्या जाणाऱ्या चित्रात वस्तू हलवली तर तसे सांगितले पाहिजे. मात्र त्या उन्हाळ्यात अमेरिकेच्या मैदानी प्रदेशात दुष्काळ होता, ही गोष्ट त्या कवटीवर अवलंबून नव्हती.

प्रचाराचा मुद्दा मी अर्धा मान्य करतो. १९३५मध्ये स्थापन झालेल्या आणि पुढे ‘फार्म सिक्युरिटी ॲडमिनिस्ट्रेशन’ या नावाने ओळखल्या गेलेल्या सरकारी संस्थेचा हा विभाग, ग्रामीण मदत योजनांना लोकांचा पाठिंबा मिळावा म्हणूनच चालवला जात होता. काय टिपावे याच्या याद्या स्ट्रायकर छायाचित्रकारांना देत, आणि नापसंत निगेटिव्हना भोक पाडून ती बादही करत. परंतु हेतू प्रचाराचा होता म्हणून दाखवलेले खोटे ठरत नाही. खोटेपणा चित्रागणिक सिद्ध करावा लागतो. सुमारे पावणेदोन लाख निगेटिव्हचा हा संग्रह आज ‘लायब्ररी ऑफ काँग्रेस’मध्ये सर्वांसाठी खुला आहे आणि त्यात वर्णभेदाच्या पाट्यांसारखी देशाला खाली पाहायला लावणारी चित्रेही आहेत. शिवाय लँग यांना सरकारचे हस्तक म्हणणाऱ्यांनी १९४२ साल पाहावे. जपानी वंशाच्या नागरिकांना छावण्यांत हलवले जात असताना सरकारनेच नेमलेल्या लँग यांनी जे टिपले, ते लष्कराला इतके अडचणीचे वाटले की युद्ध संपेपर्यंत ती चित्रे दाबून ठेवण्यात आली.

पैशाच्या आरोपात तथ्य नाही. लँग सरकारी नोकरीत होत्या, निगेटिव्ह सरकारच्या मालकीची होती आणि चित्र कोणालाही मोफत वापरता येत होते, त्यामुळे त्यांना त्यावर मानधनाचा हक्क नव्हता. पुढे एक जुनी प्रिंट लिलावात दोन लाख डॉलरहून अधिक किमतीला गेली, तीही लँग यांच्या मृत्यूनंतर कित्येक वर्षांनी.

माझ्या दृष्टीने खरी चूक चित्रासोबत दिलेल्या माहितीत आहे, आणि ती या दाव्यात नीट मांडलेलीच नसते. लँग यांनी त्या बाईंचे नाव विचारले नाही. अन्नासाठी गाडीचे टायर विकल्याची गोष्ट त्यांनी नोंदवली, जी कुटुंबाने पुढे साफ नाकारली. गाडी बिघडल्यामुळे आपण तिथे थांबलो होतो आणि त्याच टायरांवर पुढे गेलो, असे मुलाने सांगितले. १९७८मध्ये या बाई स्वतः पुढे आल्या तेव्हा फ्लॉरेन्स ओवेन्स थॉम्पसन हे नाव जगाला कळले. त्या चेरोकी या अमेरिकेतील मूळ रहिवासी जमातीच्या होत्या आणि मैदानी प्रदेशातील शेती उजाड करणाऱ्या धुळीच्या वादळांच्या आधीपासूनच कॅलिफोर्नियात राबत होत्या, त्यामुळे ‘धुळीने उजाड झालेली शेतकरीण’ हे त्यांचे रूढ वर्णनही चुकीचे आहे. आपले चित्र काढले गेले नसते तर बरे झाले असते, आपल्याला त्यातून एक छदामही मिळाला नाही, असे त्यांनी तेव्हा सांगितले. ही तक्रार मला पूर्णपणे रास्त वाटते. पण ती आपली खरी गरिबी आपल्याला न विचारता जगापुढे ठेवली गेल्याची तक्रार आहे, आणि बनावटपणाचा पुरावा म्हणून ती वापरणे हा त्यांच्यावर दुसरा अन्याय आहे. १९८३मध्ये त्या आजारी पडल्यावर मुलांनी मदतीचे आवाहन केले, तेव्हा लोकांनी तीस हजार डॉलरहून अधिक रक्कम पाठवली. हे चित्र यापुढे जो कोणी छापेल किंवा पाठवील, त्याने त्याखाली त्यांचे नाव लिहावे, त्या चेरोकी होत्या हे लिहावे आणि टायर विकल्याची गोष्ट कुटुंबाने नाकारली आहे हेही लिहावे.