पंख्याखाली अंधार

दिवे विकणाऱ्या संकेतस्थळांवरील एकाही घरात छताला पंखा नसतो. तेथील दिवाणखाने चांगले बारा-चौदा फूट उंच असतात, खिडकीतून समुद्र नाहीतर बर्फ दिसतो, आणि छताच्या बरोबर मध्यभागी, जेथे आपल्याकडे पंखा गरगरत असतो, तेथे एखादे झुंबर निवांत लोंबत असते. आमच्या पुण्यातील घराची उंची साडेनऊ फूट. त्यातून पंख्याची दांडी वजा केली, की जी मोकळी जागा उरते तिच्यात असले झुंबर बसवायचे तर पाहुण्यांना रांगत आत यावे लागेल. तरीही घराला नवा रंग दिल्यावर भिंतींवरच्या जुन्या ट्यूबच्या पट्ट्या विद्रूप दिसतात, असे पत्नीचे म्हणणे पडले, आणि ते खरेही होते.

विजेच्या सामानासाठी पुण्यात बुधवार पेठेतील तपकीर गल्ली आहे. परंतु तेथे गाडी लावायला जागा शोधेपर्यंत फोनवर शेकडो दिवे पाहून होतात, हा मुलाचा युक्तिवाद बिनतोड होता. एक गोष्ट मात्र त्याच्या हिशेबात नव्हती. गल्लीतील दुकानदार चार दिवे दाखवतो आणि पाचवा मागितला की तोंड वाकडे करतो. त्या वाकड्या तोंडामुळेच गिऱ्हाइकाचा निर्णय होतो. फोनला कंटाळा येत नाही. तो पहाटेपर्यंत दिवे दाखवत राहतो, आणि आपण एक दिवा पसंत केला की त्याखाली ‘तुम्हांला हेही आवडेल’ म्हणून आणखी वीस मांडतो.

या सुळसुळाटाला खरे तर विज्ञान जबाबदार आहे. पूर्वी बल्ब म्हणजे काचेचा फुगा असे आणि दिव्याला त्या फुग्याच्या कलाने वागावे लागे. निळ्या एलईडीने पांढरा प्रकाश शक्य केला, त्याबद्दल 2014 साली तीन शास्त्रज्ञांना भौतिकशास्त्राचे नोबेलही मिळाले, आणि तांदळाच्या दाण्याएवढ्या ठिपक्यातून उजेड पडू लागल्यावर दिव्याने कोणताही आकार घ्यावा अशी मोकळीक झाली. त्या मोकळिकीचा फायदा घेऊन आता दिवे हरणाच्या शिंगांचे, वेताच्या टोपल्यांचे आणि पाण्याच्या नळांचेही येतात. ‘औद्योगिक’ नावाच्या विभागात लोखंडी जाळीतला एक दिवा पत्नीला आवडला. सासऱ्यांनी चष्मा लावून तो पाहिला आणि म्हणाले, “पिंपरीला आमच्या शॉपमध्ये हाच होता. त्याच्यापासून सुटण्यासाठीच तर मी रिटायर झालो.” ‘ग्रामीण’ विभागातील कंदिलाची किंमत ऐकून आईने, आमच्या गावच्या घरातील माळ्यावर नेमके काय काय पडून आहे याची तोंडी यादी सुरू केली.

पुढचा घोळ आकड्यांचा. आमच्या आईच्या पिढीला ‘साठचा बल्ब’ किंवा ‘शंभरचा बल्ब’ समजतो. नऊ वॅटचा एलईडी जुन्या साठच्या बल्बाएवढा उजेड देतो, हे तिला पटवताना मी घामाघूम झालो. “अरे, नऊ म्हणजे झिरोच्या बल्बाइतकाच की!” असे ती म्हणाली. त्या झिरोच्या बल्बालाही प्रत्यक्षात दहा-पंधरा वॅट लागत, हे मी सांगितले, तेव्हा इतकी वर्षे रात्रभर चालू ठेवलेल्या त्या बल्बाच्या बिलाचा विचार तिच्या चेहऱ्यावरून सरकताना दिसला. वस्तुतः वॅट म्हणजे दिवा वीज किती घेतो, आणि ल्यूमेन म्हणजे तो उजेड किती देतो. साधी चार फुटी एलईडी पट्टी वीस वॅटमध्ये दोन हजार ल्यूमेन देते आणि हे खोक्यावर ठळकपणे छापते. शोभेचे दिवे ल्यूमेनच्या रकान्यात ‘मनमोहक’ असे लिहितात.

रंगाचे प्रकरण आणखी नाजूक आहे. दिव्याच्या रंगाचे माप केल्विनमध्ये असते: तीन हजार म्हणजे पिवळसर, साडेसहा हजार म्हणजे निळसर पांढरा. पत्नीला पिवळा हवा होता, कारण चित्रांतील घरे पिवळ्यात उबदार दिसतात. आईच्या मते पिवळा उजेड म्हणजे व्होल्टेज कमी असल्याची खूण. चार हजार हा मधला तोडगा मी सुचवला, आणि दोघींनीही तो एकमुखाने फेटाळला.

ग्राहकांच्या अभिप्रायांवर विसंबावे, तर एकाने पाच तारे देऊन ‘खोका मजबूत आहे’ एवढेच लिहिले होते. दुसऱ्या बाईंनी ‘अजून लावला नाही, लावल्यावर सांगते’ असे कळवले होते; त्या नंतर कधीच परतल्या नाहीत. त्यांच्याकडेही पंखाच आड आला असावा, असा माझा कयास आहे.

अखेर तीस सेंटिमीटर व्यासाचा, वेताच्या विणीचा एक लोंबता दिवा पसंतीला उतरला. आकाराचा अंदाज यावा म्हणून पत्नीने रद्दीच्या कागदाची तेवढीच टोपली चिकटवून दिवाणखान्यात दोऱ्याने टांगली. ती सुंदर दिसली. मग उकडते म्हणून कुणीतरी बटण दाबले, टोपली एकदा डावीकडे झुलली, एकदा उजवीकडे, आणि तिसऱ्या झोक्याला पंख्याच्या पात्याने तिला उचलून थेट देवघरापर्यंत पोचवले. दिवा पात्यांच्या वर चढवावा, तर सावल्या भिंतींवरून धावतात आणि वाचणाऱ्याला भोवळ येते. म्हणून दिव्याची रवानगी जेवणाच्या टेबलावर झाली, कारण घरात पंख्याची सत्ता नसलेला तेवढाच एक कोपरा होता.

दिवा आला. ‘बल्ब समाविष्ट नाही’ हे वाक्य खोक्याच्या तळाशी होते. दिव्याला आट्यांचा होल्डर होता आणि आमच्या खणातील सगळे बल्ब दोन पिनांचे. वायरमनला सवड झाली तोपर्यंत माल परत करण्याची मुदत संपली होती. या दोन तारखा एकमेकींशी ठरवूनच येतात. त्याने शिडीवर चढण्यापूर्वी छताकडे पाहिले आणि शांतपणे विचारले, “साहेब, पॉइंट कुठाय?” पॉइंट भिंतीवर होता, जुन्या ट्यूबजवळ. दिवा टेबलाच्या बरोबर वर, छताला हवा होता. “मग पट्टी मारून वायर आणावी लागेल,” असे म्हणून त्याने नव्या रंगाच्या छतावर ड्रिल टेकवले, आणि ज्या विद्रूप पट्ट्यांपासून घराची सुटका करायची होती त्यांच्यात वायरच्या केसिंगची एक लांबलचक पट्टी वाढली.

संध्याकाळी आट्यांचा, चार वॅटचा, तीन हजार केल्विनचा बल्ब लावून पत्नीने बटण दाबले. वेताच्या विणीची जाळीदार नक्षी टेबलावर, आमटीच्या पातेल्यावर आणि माझ्या कपाळावर उमटली. सगळे वर पाहू लागले. आईने बराच वेळ डोळे बारीक करून पाहिले आणि मग मला म्हणाली, “चांगला दिसतोय रे. जरा ती ट्यूब लाव बघू, म्हणजे नीट दिसेल.”