‘सामावले जातात’ म्हणजे नक्की कुठे?

‘आयातीने नोकरी गेलेले कामगार काही वर्षांत निर्यात उद्योगांत सामावले जातात’ हे व्यापार खुला करण्याच्या बाजूने लिहिलेल्या लेखातलं विधान कागदावर छान दिसतं. ब्राझीलने १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला आयातशुल्क झपाट्याने कमी केलं, तेव्हा उलटंच घडलं. ज्या भागांना फटका जास्त बसला, तिथली नोंदणीकृत रोजगाराची आणि पगाराची पिछेहाट २० वर्षांनंतरही भरून आली नाही, उलट वाढत गेली. डिक्स-कार्नेरो आणि कोवाक या अर्थतज्ज्ञांनी हे नीट मांडलंय. माणसं दुसरीकडे फारशी गेलीच नाहीत. अनेक जण मिळेल त्या बिननोंदणीच्या कामाला लागले.

मी स्वतः कपडे निर्यात करणाऱ्या कारखान्यात नियोजन बघतो, त्यामुळे व्यापार नको असं म्हणायला माझी जीभ रेटणार नाही. पण यंत्रमागावर हयात घालवलेला पन्नाशीचा माणूस ओव्हरलॉक मशीनवर (कापडाच्या कडा शिवणारं यंत्र) ट्रायल द्यायला आला, की सुपरवायझर आधी वय विचारतो आणि मग हात बघतो (बघितलेच तर). शिवाय परदेशी ग्राहकाने ऑर्डर पुढे ढकलली की कंत्राटी लोकांना त्याच संध्याकाळी ‘उद्यापासून येऊ नका’. कोण, कुठे आणि किती पगारावर सामावलं गेलं, याचा लेखात एका ओळीचाही उल्लेख नाही.